भिंतीवर दोनदा पळी

लालबागची चाळ सोडून मी निघाले त्या दिवशी आई टॅक्सीपर्यंत आलीच नाही. तिने पळीने भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडून शेवंतामावशीने तिच्या पुढच्या भिंतीवर ठोकलं, आणि निरोप असा खोलीखोलीतून गॅलरीच्या टोकाला पोचला. मी जिना उतरेपर्यंत सगळी गॅलरी कठड्याला उभी. आई वरूनच म्हणाली, "पोचलंस की कळव गो."

चाळकऱ्यांनो, तुम्ही त्या गॅलरीत होतात, आणि नंतर तुमच्यातलेही कितीजण पांगले. म्हणून तुम्हालाच सांगते. ती ठोकाठोक काही निरोपासाठी सुरू झाली नव्हती. संप चालू होता, बाबांची गिरणी बंद, घरातले डबे रिकामे. खोल्यांमधली भिंत लाकडी फळ्यांची, वरच्या अंगाला वाटी जाईल एवढी फट. दोनदा वाजलं की समजायचं, पलीकडे चूल पेटलेली नाही. असेल ते फटीतून द्यायचं. नसेल तर आपण पुढची भिंत ठोकायची. विचारायचं मात्र काही नाही. कधी पीठ यायचं, कधी साखर, कधी सुकटीचं कालवण. कुठल्या खोलीतून निघालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. म्हणून तर बाबांच्या गळ्याखाली घास उतरायचा, असं आई म्हणायची.

इथे परदेशात मी मेंदूतल्या आधारपेशींवर काम करते. कौतुक सगळं चेतापेशींचं. या बिचाऱ्या म्हणजे त्यांना धरून ठेवणारा डिंक, असं शास्त्रज्ञही बरीच वर्षं समजत होते, कारण या विजेचे इशारे देत नाहीत. पण एकीला काचेच्या बारीक सुईने डिवचलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, मग शेजारणीच्या आत, मग तिच्या शेजारणीच्या. रंग घातलेला असल्यामुळे पडद्यावर उजेड सावकाश सरकताना दिसतो. दोघींच्या मध्ये अगदी बारीक वाटा असतात, त्यांतून साखरसुद्धा जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडूच आलं आणि शेजारचा सहकारी घाबरला. सध्या माझ्या वाट्याला उलटं काम आलंय. औषध घालून त्या वाटा बंद करायच्या आणि काय होतं ते बघायचं. बिनखिडकीच्या काळोख्या खोलीत दिवसभर तेच. उजेड थोडा सरकतो आणि विझतो, साखर जिथल्या तिथे अडकून राहते.

मध्यंतरी चाळ पाडून टॉवर झाला. आईला बाविसावा मजला मिळाला, शेवंतामावशीला अकरावा. घरात संडास, नळाला पाणी, मीच फोनवर नाचले होते. गेल्या महिन्यात भरदुपारी आई ओट्यापाशी पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन बाहेरच्या खोलीत राहिला, पण पळी हाताला लागली. ती भिंत ठोकत राहिली. त्या भिंतीपलीकडे लिफ्टची पोकळी आहे. संध्याकाळी मावशी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून आत आली, तेव्हाही ती ठोकतच होती.

"अगं, ओरडायचंस तरी," मी फोनवर चिडून म्हटलं.

"हाक मारल्यार काय झाला ता सांगूचा लागता," आई म्हणाली. "भिंतीक सांगूचा लागना नाय."

मी येते म्हटलं, तर म्हणाली, "येव नको. हय येवन काय करशीत? माझ्यासारखीच दार लावून बसशीत." तिचं खरं आहे, याचाच मला राग येतो. इथली नोकरी सोडली तर ती पुन्हा मिळायची नाही. आणि ज्या घरी परत जायचं, ते तर पाडून टाकलंय. धड इकडची नाही, धड तिकडची नाही, मधल्या मध्ये लटकले आहे.

दिवसभरासाठी एक बाई ठेवली आहे. ती गेली की आई मला फोन लावते. बोलत नाही, पलंगाच्या दांडीवर पळी दोनदा वाजवते. मी टेबलावर दोनदा ठोकते, ऐकू आलं एवढंच कळवायला. या फोनमधून वाटी जात नाही. आपल्याकडे द्यायला काही नसलं की पुढची भिंत ठोकायची, हा नियम मला अजून पाठ आहे. पण माझ्या घराच्या भिंतीपलीकडे कोण राहतं, ते मला इतक्या वर्षांनंतरही माहीत नाही.