‘पानी’ला वाट नव्हती

दारावरच्या माणसाने तुम्हाला ओळखलं, मान डोलावली, आणि तरीही आत जाऊ दिलं नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? माझ्या आत्याच्या बाबतीत झालं. ते दार बांधणाऱ्यांत मीही होते.

आमचं काम सांगायला सोपं होतं. नायगावपासून विरारपर्यंत ज्यांच्याकडे पाणी येत नाही, रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत, कचरा तसाच पडून राहतो, त्यांनी फोनवरून एका नंबरवर संदेश पाठवायचा. आम्ही तो त्या विषयाच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचवायचा आणि त्यांनी संबंधितांच्या मागे लागायचं. सगळे संदेश आधी एकाच दाराशी येत. आमच्या कामात त्याला एपीआय गेटवे म्हणतात. हे दार दोनच गोष्टी विचारतं: तू कोण, आणि तुला कुठे जायचं आहे. पहिल्याचं उत्तर नोंदवलेल्या फोन नंबरवरून मिळायचं, दुसऱ्याचं संदेशातल्या पहिल्या शब्दावरून. ‘पाणी’ असेल तर पाण्याच्या गटाकडे, ‘दिवे’ असेल तर दिव्यांच्या. ठरलेल्यातला शब्द नसेल तर संदेश तिथेच थांबायचा, कारण नंबर जाहीर केल्याबरोबर नोंदवलेल्या नंबरांवरूनही कर्जाच्या आणि फ्लॅटच्या जाहिराती येऊन पडायला लागल्या होत्या.

माणिकपूरला एका चपलांच्या दुकानावरची खोली आम्हाला वापरायला मिळाली होती. तिथे दार कसं असावं यावर आम्ही खूप भांडलो. आमच्यात वयाने मोठा एक सोलापूरकडचा दादा होता, नोकरी सांभाळून शनिवारी येणारा. त्याचं म्हणणं, नोंदणीला ओळखपत्राचा फोटो घ्या, एका घराला एकच नंबर द्या, म्हणजे खोट्या तक्रारी येणार नाहीत. मी उठून उभी राहिले. पाणी मागायला ओळखपत्र लागत असेल तर आपण आणि खिडकीमागचा कारकून यांत फरक काय, असं बरंच काही बोलले. दादा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “तू बोलत नाहीस गं, पत्रक वाचतेस.”

सगळे हसले, मीही हसले. खोटं नव्हतं ते. मी पत्रकांवरच वाढले. बाबा पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं लिहायचे, आणि घरात पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी गठ्ठे उचलावे लागत. आम्ही तेव्हा नायगावच्या खाडीकडच्या गावात राहत होतो. पत्रक छापायला जायच्या आधी बाबा ते पडवीत बसून आत्याला वाचून दाखवत. पाण्याच्या मोर्चात कायम पुढे असणारी आत्या मासळी साफ करता करता ऐकायची. एखाद्या शब्दाशी “म्हंजी काय?” असं तिने विचारलं की बाबा तो शब्द खोडत. दोनदा विचारलं तर अख्खं वाक्य जायचं. आंदोलनाची भाषा मी तिथे शिकले, आणि घराची भाषाही तिथेच होती, जिच्यात पाण्याला पानी म्हणत आणि मला बाय म्हणत.

पुढे आम्ही बोळिंजला फ्लॅटमध्ये आलो आणि माझी शाळा बदलली. तिथे माझा ‘न’ सुधारला. मारून नव्हे, नुसतं हसून. वर्षभरात मी ‘पाणी’ म्हणायला लागले, इतकं सहज की बाबांच्याही ते उशिरा लक्षात आलं. आता बाबा नाहीत. ती बोली माझ्याशी बोलणारी एकटी आत्या उरली आहे. तिचा फोन आला की मी मुद्दाम बोलणं लांबवते. काही विचारायचं नसतं, तिचं ऐकायचं असतं.

खोलीतलं भांडण मी जिंकले. ओळखपत्र गेलं, आणि एका फोनवरून सगळ्या आळीने तक्रार केली तरी चालेल असं ठरलं. कुलपावर आम्ही एवढे भांडलो की दारावरच्या पाटीवर काय लिहिलं आहे ते कुणी पाहिलंच नाही. संदेशासाठी ठरवलेले ते शब्द आमच्यासारख्या इमारतींत राहणाऱ्यांनी लिहिले होते, इमारतींत लिहितात तसे.

आत्या अजून खाडीकडच्या त्याच गावात राहते, तिथे पाणी टँकरचं. तिच्या फोनची नोंदणी मीच करून दिली. गेटवे म्हणजे काय हे तिला सांगताना म्हटलं, दरवान समज. तुला ओळखेल आणि बरोबर जागी पोचवेल. तिने मान हलवली. तिचे गुडघे आता हंडा उचलू देत नाहीत. टँकर चुकला तर शेजारणीच्या पिंपातलं पाणी मागावं लागतं, आणि मागणं तिच्या स्वभावात नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पाणी मागितलं तिला स्वतःसाठी मागावं लागू नये, एवढंच मला त्या दाराकडून हवं होतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. ‘नंबर नोंदलेला आहे, विषय कळला नाही’ असं उत्तर तिला दरवेळी येत होतं. आवाजात नेहमीची थट्टा होती. “बाय, तुजा दरवान मना वलकतो, पन आत घेत नाय. कसला दरवान ठेवलाय तू?”

मी लगेच यंत्रणेतल्या नोंदी उघडल्या. तिचा नंबर सापडला. ओळख पटली होती, दरवेळी. त्यापुढे दरवेळी एकच शेरा होता: वाट सापडली नाही. आणि पहिला शब्द होता, ‘पानी’. तिच्या एकटीचा नव्हे. खाडीच्या कडेने, मिठागरांच्या, कोळ्यांच्या, भातशेतीच्या गावांतून कितीतरी ‘पानी’ आली होती आणि जाहिरातींच्या ढिगात पडली होती.

मी नोंदी वाचत बसले. रागावायला हवं होतं, पण मला पडवी दिसत होती. इतकी माणसं मला माझ्या जुन्या भाषेत हाका मारत होती.

दुरुस्ती एका ओळीची होती, ‘पानी’लाही ‘पाणी’चीच वाट. दादा म्हणाला, आज हा शब्द घेतलास, उद्या गल्लोगल्लीचा शब्दकोश लिहीत बसशील. मी म्हटलं, बसेन. या वेळी पत्रक वाचलं नाही, नुसत्या त्या नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप स्वतःच माझ्यापुढे सरकवला.

नवी वाट सुरू करण्याआधी मी एकदा नोंदी पाहिल्या. आत्याचा संदेश नुकताच येऊन गेला होता. ओळख पटली, वाट सापडली, पाण्याच्या गटाकडे गेला. पहिला शब्द होता, ‘पाणी’.

मी फोन केला. हे कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. “कोन सांगनार? टँकरवर लिवलंय तसं लिवलं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “माजंच चुकत व्हतं ना?”

नाही म्हणून मी तिला नाना तऱ्हांनी सांगितलं. तुझा शब्द आता चालतो, दरवानाला शिकवलंय, तू लिहीत होतीस तसंच लिही. ती हो हो म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

आता तिच्याकडच्या टँकरचा पाठपुरावा नीट होतो. शेजारणीकडे मागावं लागत नाही. जे हवं होतं ते झालं. ‘पानी’ची वाटही उघडी आहे आणि तिच्यावरून रोज कुणी ना कुणी येतं. मी सकाळी नोंदी उघडते आणि आधी आत्याचा नंबर शोधते. तिचा शब्द ‘पाणी’च असतो. परवा फोनवर बोलतानाही ती तसंच म्हणाली, ‘ण’वर जीभ सांभाळून टेकवत, माझ्याशी नव्हे तर कचेरीतल्या कुणाशी बोलावं तशी. पडवीत बसून ज्या बाईने बाबांचे शब्द खोडले, तिने आमच्या दारासाठी स्वतःचा खोडला.

म्हणून एक मागते. तुमच्या घरात कुणी ‘पानी’ म्हणत असेल तर आज त्यांच्याशी बोला आणि तुम्हीही ‘पानी’ म्हणा, चेष्टेने नाही. आणि तुमचं काम असलं दार बांधण्याचं असेल, तर ते लोकांसाठी उघडण्याआधी त्यातले शब्द अशा एका माणसाला वाचून दाखवा. त्याने “म्हंजी काय?” विचारलं, तर खोडायचं ते तुमच्याकडचं खोडा.