जावेचा ठेका

शहापुरात दोघी जावा हळदीचे व्हिडिओ एडिट करायच्या. धाकट्या मनस्वीचा कॉम्प्युटर पळायचा, थोरल्या प्रियांकाचा रखडायचा, आणि प्रियांकाच्या पोटात दुखायचं.

मनस्वीने सांगितलं होतं, "बस-स्पीड म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरला चालवणारा बेंजोचा ठेका. मल्टिप्लायर म्हणजे एका ठेक्यात प्रोसेसर टाकतो ती पावलं. मी नुसती पावलं वाढवली. तुमच्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर लॉक हाय, ताई. पण ठेका वाढवू नका. मेमरीपण त्याच्यावरच नाचते, ती कोलमडंल."

'मेलीला माझं बरं बघवत नाय,' असं पुटपुटत प्रियांकाने ठेकाच वाढवला. स्क्रीन काळी ठिक्कर पडली.

"जळलं का काय गो?" सासूने आतून विचारलं.

मनस्वीने मशीनला हात लावून पाहिला, मग जावेकडे बघितलं.

"मशीन नाय जळलं, आई."