पर्किनबाबाचं मागीलदार

चोपड्याची शेवंती विलायतेत जाऊन बाटली, हे तुम्हाला कोणी सांगितलं? सांगणारा तिच्याबरोबर तिथे होता काय? नव्हता ना? मग जरा तोंड आवरा आणि काय झालं ते ऐका.

शेवंतीचा नवरा गोव्यातल्या चोपडे-शिवोली फेरीबोटीवर कामाला होता. तो वारला, आणि काही वर्षांनी नदीवर पूल होऊन फेरीबोटही गेली. शेवंती महिला मंडळाच्या बायकांबरोबर शाळेतल्या पोरांसाठी पातळभाजी रांधायची, पाव मोजून द्यायची. मुलगा कृष्णनाथ हॉटेलातलं स्वयंपाकाचं काम शिकला आणि विलायतेत एका गावी आचारी म्हणून लागला. २०१३ साली सून विमला बाळंत झाली, तेव्हा शेवंती सहा महिन्यांसाठी तिकडे गेली.

विमानतळावरून घरी नेतानाच कृष्णनाथाने तिला बजावलं, "आई, हंय कोणाच्या नजरेत येव नको. माझी हंय रवाची परवानगी सपत इली हा. नवो अर्ज घातलंय. पोलिसांनी आमच्या घरातला एक नाव जरी लिवन घेतला, तर पोराबाळांसकट चोपड्याक परत."

हे वाक्य शेवंतीच्या हाडात जाऊन बसलं. खरं होतं की मुलाची भीती बोलत होती, कोण जाणे. पण दाराची घंटी वाजली की ती नातवाला उचलून न्हाणीघरात जायची. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की पलीकडच्या गल्लीत वळायची. जन्मभर नदीच्या पुरात होडीतून जा-ये केलेली बाई, पण तिथल्या त्या शांत, धुतलेल्या रस्त्यांवर ती भिंतीला धरून चालायची.

शेजारी म्हापशाची एस्पेरांस राहायची. तिने हे पाहिलं. "कितें गे, चोराभाशेन लिपून रावता? चल म्हज्यावांगडा."

एस्पेरांस तिला घेऊन गेली ती चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. चर्चची माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे म्हाताऱ्यांना गरम जेवण वाढायची. ज्यांना घराबाहेर पडवत नाही, त्यांचं जेवण डब्यात भरून पोचवायची. पगार कोणालाच नाही. दारावरचा क्रूस बघून शेवंती पायरीवरच थबकली.

"एस्पेरांसबाय, माका हंय बाटवतले मां?"

"पयलीं पांच किलो बटाटे सोल," एस्पेरांस म्हणाली. "तितले सोलून जाले म्हणटकच तूं घरा धांवतली. बाटयतलो कोण तुका?"

जेवणाआधी पाद्रीणबाईने प्रार्थना म्हटली. शेवंतीनेही मान खाली घातली आणि मनात रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. म्हाराजा, परक्या गावात आसंय, राख. कोणी तिला विचारलं नाही की तू कोणाला हाक मारतेस. बाटण्याची गोष्ट एवढीच, इथेच संपली.

डबे पोचवताना मात्र नियम कडक. दार उघडलं नाही तर डबा परत आणायचा, चर्चच्या ऑफिसला फोन करायचा. आत शिरायचं नाही, मागे जायचं नाही, खिडकीतून डोकावायचं तर मुळीच नाही. एस्पेरांस गाडीत बसायची, शेवंती दारात डबा द्यायची. तिसऱ्या घरचा म्हातारा मिस्टर पर्किन्स, शेवंतीच्या तोंडी पर्किनबाब. एके काळचा बसड्रायव्हर, तोंडात दात नाहीत. तिची वाट बघत दाराशीच उभा असायचा. एकदा तिने दाताविना खाता येईल असा मऊ शिरा नेला, तर पठ्ठ्याने डबा चाटून दाखवला.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी एस्पेरांसला ताप आला. शेवंती एकटीच चालत निघाली. दोन डबे दिले. पर्किनबाबाचं दार बंद. घंटी वाजवली, दार ठोठावलं. कालचं आणि आजचं, दोन वर्तमानपत्रं दाराच्या फटीत अडकलेली. तिने ऑफिसला फोन लावला. तिकडून यंत्रातली बाई काहीतरी बोलली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

आता सांगा, आपल्याकडे पुढचं दार कोणासाठी असतं? पाहुण्यांसाठी, भटजींसाठी. रोजचं माणूस येतं ते मागीलदारी, चुलीजवळ. शेवंतीने विचार केलाच नाही. पायच वळले. कडेच्या फाटकाची कडी काढून ती घराला वळसा घालून मागे गेली. मागच्या दाराला काच होती. काचेतून तिला एक पाय दिसला. फरशीवर आडवा, सपात नसलेला.

तिने काचेवर थापा मारल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक बाई किंचाळली. काय बोलली त्यातला एकच शब्द शेवंतीला कळला. पोलीस.

आणि शेवंती पळाली. होय, पळाली. तिची कड घ्यायची म्हणून खोटं कशाला बोला? फाटकातून बाहेर, रस्त्यावर, कोपऱ्यापर्यंत. डोळ्यांसमोर कृष्णनाथाचा चेहरा, पाळण्यातला नातू. तिचं नाव त्या रस्त्यावर कोणाला ठाऊक नव्हतं. अजून वीस पावलं चालली असती तर ती कोणीच नव्हती.

पोटाशी धरलेला डबा गरम होता. जेवण गरम आणि जेवणारा तिथे थंड फरशीवर. ती रडत रडत परत फिरली.

मागच्या दाराच्या खालच्या फळीत मांजरासाठी एक झडप होती. शेवंती पायरीवर पालथी पडली, झडपेतून हात आत घातला आणि हाताला लागला तो घोटा धरला. गार होता, पण हलला. "बाबा, मी आसंय," ती म्हणत राहिली, "मी आसंय, भियां नको." त्याला मालवणी काय कळणार? पण आतून एक कण्हणं आलं. तिने पाय सोडला नाही. बुटांचे आवाज पाठीशी येऊन थांबले, तरी सोडला नाही.

पोलिसांनी काच फोडली. पर्किनबाब दोन दिवस तसाच पडलेला होता. त्याला गाडीत घालून नेल्यावर एका पोलिसाने वही काढली. नाव? खोटं नाव ओठांवर आलं होतं. मग तिने आपलं खरं नाव सांगितलं, घराचा पत्ताही सांगितला.

कृष्णनाथ चार दिवस कामावरच जेवून उशिरा घरी आला. पाचव्या दिवशी म्हणाला, "पाय दिसलो, फोन कर. पळान जा. धरून कित्याक बसलंस?" शेवंतीने आपली बॅग भरून खाटेखाली ठेवली. टपालवाला दिसला की नकाराचं पत्र आलं म्हणून ती बॅग बाहेर ओढायची. चर्चच्या माणसांनी नियम मोडल्याबद्दल समज दिली आणि तिला पुन्हा एकटीला पाठवलं नाही. अकराव्या दिवशी पर्किनबाब गेला, पण इस्पितळात, माणसांत. सात आठवड्यांनी कृष्णनाथाचे परवानगीचे कागद आले. पोलिसाच्या वहीतल्या नावाचं काय झालं, कोणालाच कळलं नाही.

आता ती चोपड्याला परत आली आहे. मंडळातली सुलोचना आणि ती, दोघी मिळून रोज दुपारी पाच डबे पोचवतात. पाचच, कारण सहावं नाव कोणी सांगत नाही. पेडण्यात काय, डिचोलीत काय, पोरं आखातात आणि लंडनात, आणि घरी एकटी आई. डब्याचं विचारलं की घरचे उसळतात, "आमच्या आवयक कोण ना काय?" शेवंती वाटेने जाताना बंद घरांकडे बघते, आणि तिचे पाय आजही मागीलदारी वळतात.

तेव्हा एवढं करा. तुमच्या वाड्यावर कोण म्हातारं एकटं राहतं, ते शेवंतीच्या घरी येऊन सांगा. लाज त्याच्या मुलांची, ती मुलं बघून घेतील. तुम्ही फक्त नाव सांगा, आणि त्याच्या तोंडात दात आहेत की नाहीत, तेही सांगा.