डभोईच्या मिस्त्रीला चावी दिली

कुणावर काही सोपवणं मला आयुष्यात जमलं नाही. बडोद्यात अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे सगळं आपल्यालाच कळतं ही खोड अंगात मुरलेली. देवाला रोज नमस्कार करायचो, पण भरवसा स्वतःवरच. त्या गुरुवारी मात्र माझी पार भंबेरी उडाली.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने दत्तमहाराजांना कबूल केलं होतं, की माझ्या पायांनी चालू लागले की नर्मदाकाठी गरुडेश्वरला येईन आणि स्वतः रांधलेला नैवेद्य स्वतःच्या हातांनी ठेवीन. नैवेद्याची वेळ दुपारी बाराची. एकोणऐंशीव्या वर्षी, सात महिन्यांनंतर ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. सकाळी लवकर उठून तिने पुरणपोळ्या आणि घेवड्याची भाजी केली. नैवेद्य होईपर्यंत पाणीही घेणार नाही, म्हणाली. तिच्या डॉक्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी मलाच झापलं असतं.

नागरवाड्यातल्या घरून निघालो तोच गाडीत खुळखुळ सुरू झाली. आमची डिझेल गाडी दहा वर्षांची, पण कुरकुर करणारी नव्हे. मी ठरवून टाकलं, नैवेद्याचे डबे वाजताहेत. दोनदा थांबून डब्यांच्या मधे पंचे कोंबले. आई म्हणाली, "अरे, डबे मी गच्च बसवलेत. तुझंच काहीतरी वाजतंय." मी तिचं ऐकलं नाही. डभोई आली आणि गाडीतला जीवच गेला. पाय दाबून धरला तरी वेग वीसच्या वर जाईना. रस्त्याकडेच्या एका गॅरेजपर्यंत कशीबशी नेली.

तिथला मिस्त्री माझ्याहून लहान, मितभाषी. त्याने गाडीखाली शिरून पान्याने ठोकलं. खुळखुळ! "काका, कन्व्हर्टर गयुं." म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा. आतली जाळी फुटली होती आणि तिच्या तुकड्यांनी धुराची वाट अडवली होती. वर्गात दरवर्षी मी उत्प्रेरकांवर तावातावाने बोलायचो, या डब्याचं उदाहरणही द्यायचो, आणि तो माझ्याच बुडाखाली वाजत असताना पुरणपोळ्यांवर आळ घेत होतो! हसावं की रडावं, कळेना.

नऊ वाजत आले होते. मी घायकुतीला येऊन म्हटलं, बाराच्या आत गरुडेश्वरला नैवेद्य पोहोचवायचाय, तो डबा काढ आणि साधी नळी जोडून दे. त्याने मान हलवली. "भगवानने त्यां जाओ छो ने, काका? तो बराबर करीने जाओ." देवाच्या दारी जाताय, तर नीट करूनच जा, असं त्याचं म्हणणं. मागच्या आवारात त्याने बोट दाखवलं. आमच्याच मॉडेलची एक गाडी उभी होती, पुढून चेपलेली, खालून धडधाकट. चारच दिवसांपूर्वी मालकाने ती मोडीत दिली होती. तिचा कन्व्हर्टर शाबूत होता. तोच काढून बसवतो, म्हणाला.

पण खोड कुठे जाते? तो खाली काम करतोय आणि मी वाकून सूचना देतोय. शेवटी त्याने पाना खाली ठेवला. "काका, चावी आपो, ने माजी पासे बेसो." चावी माझ्या मुठीत होती. ती मी आजवर कुणाला दिली नव्हती. गॅरेजच्या दारातल्या खाटेवरून आई म्हणाली, "दे रे त्याला. आणि इथे माझ्याजवळ छानामाना, गुपचूप बस."

दिली. तो गंजलेले बोल्ट तापवून सोडवत होता, आई डोळे मिटून नामस्मरण करत होती आणि मी प्रथमच काही न करता बसलो होतो. एकदम हलकं वाटलं. इतका आनंद झाला, की माझं मलाच नवल वाटलं. साडेदहाला गाडी सुरू झाली. हात पुसत मिस्त्री एवढंच म्हणाला, "नर्मदे हर."

महाराजच मिस्त्री होऊन आले, असं मी म्हणत नाही. आवारातली ती गाडी योगायोग असेल. माझी मूठ उघडली, ती कृपा मात्र माझी नक्कीच नव्हती. त्या दोघांचे, आईचे आणि मिस्त्रीचे, मी आजही रोज मनोमन आभार मानतो.

बाराला दहा मिनिटं असताना देवळाशी पोहोचलो. पहिल्या पायरीशी मी सवयीने आईचा दंड घट्ट धरला.

"सोड," ती म्हणाली.

मी सोडला. आई चढली.