मुठीचं धान्य

आमच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. भडगावपुढं गिरणेच्या काठी थोडी मुरमाड जमीन, वडील लवकर गेलेले, आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. तरी जात्यावर बसण्याआधी ती एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकी. सगळं गावच टाकत असे. गावच्या गरीब मुलांना शिकायला जळगावच्या बोर्डिंगात ठेवून घ्यावं म्हणून ही मूठ होती. ती गोळा करून गाडीनं पोचवायचं काम भाऊंकडे. भाऊ गावातले मोठे शेतकरी. परोपकारावर बोलायला लागले की बायका डोळे पुसायच्या. मी सणाला आधी त्यांच्या पाया पडायचो, मग देवाच्या.

मुठीचं धान्य मापायचं नाही, मापलं की पुण्य जातं, अशी आमच्याकडे रीत. त्यामुळे किती गेलं, कुठं पोचलं, हे कुणी विचारलंच नाही.

गावची शाळा संपवून मी वळकटी घेऊन जळगावला गेलो. बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी गावाचं नाव ऐकलं आणि म्हणाले, तुमच्याकडून कित्येक दिवसांत दाणा आलेला नाही, जागा कशी देऊ? मला वाटलं, यांचाच काही घोटाळा असेल. भाऊंवर संशय घ्यायचं मनातही आलं नाही.

परत येताना भाऊंच्या बांधावर सातपुड्याकडून निंदणीला आलेल्या बायका दिसल्या. मजुरीत मिळालेलं धान्य निवडत बसल्या होत्या. दादर ज्वारी, बाजरी, मूग, सगळं एकात एक. एक बाई वैतागून म्हणत होती, हे दळायचं तरी कसं? मी तिथंच उभा राहिलो. एका शेताचं धान्य असं नसतं. घरोघरच्या मुठी एकत्र पडल्या तरच असं होतं.

तसाच भाऊंच्या ओट्यावर जाऊन विचारलं. ते रागावले नाहीत, नाकबूलही गेले नाहीत. पान लावता लावता हसले.

“तुनी मायनी पुण्यकरता मूठ दिन्ही ना? पुण्य भेटी गयं तिले. आनि तुनाकरता दिन्ही व्हती, ते मंग दान कशानं? तो ते सौदाच.”

धान्य गेलं त्याहून हे लागलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, त्याचं पाप त्याच्यापाशी. आणि दुसऱ्या दिवसापासून आपली मूठ त्या निंदणीच्या बायकांना नेऊन द्यायला लागली. तिचाही मला राग आला. खरं सांगायचं तर भाऊंपेक्षा जास्त आला.

जळगावात आईचे लांबचे नातलग होते, नाना. म्हशी पाळायचे. भिकाऱ्याला दारात उभं राहू देत नसत. सारा गोतावळा त्यांना नावं ठेवी. दुसरं दार नव्हतं म्हणून त्यांच्याकडे गेलो.

“मले कोन्हं भलं करानं नही,” नाना म्हणाले. “शेण काढ, दूध घाल, ओसरीवर झोप. भाकर भेटी. काम चुकनं की घरना रस्ता.”

मॅट्रिक होईपर्यंत त्या घरात माझी भाकर चुकली नाही. मायेचा शब्दही कधी मिळाला नाही.

पुढं पुण्याला कॉलेजात नीतिशास्त्र शिकवताना प्राध्यापकांनी स्वार्थी माणूस आणि दुसऱ्याला ओरबाडून खाणारा माणूस जवळजवळ शेजारी बसवले, आणि परोपकारी दूर, उंचावर. मी उठून भाऊंची, आईच्या मुठीची, नानांची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो की आमच्याकडे असं नाही. ओरबाडणारा परोपकाऱ्याच्याच घरात राहतो, त्याचीच भाषा बोलतो. नानांच्या दारात भाऊ कधी गेले नसते. तिथं त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं. वर्ग हसला. प्राध्यापक म्हणाले, मग मूठ देतच राहिलेल्या तुमच्या आईंचं चुकलं का?

मी खाली बसलो. चुकलं म्हणवेना, आणि बरोबर होतं म्हणायलाही जीभ रेटेना. आजही रेटत नाही. भाऊ गेले तेव्हा सगळं गाव रडलं, आईसुद्धा. मी गेलो नाही.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात आणि गावात पहिला.