चालू इंजिनापासून हातभर

दादाराव मेश्रामांच्या छातीत फेब्रुवारीत पेसमेकर बसला. त्याआधी न्हाणीत ते दोनदा कोसळले होते, ठोके अडतिसावर आले होते. वय चौपन्न. सौंसरला नागपूर रोडवरच्या टिनाच्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं ते गाड्या दुरुस्त करत. सगळा गाव त्यांना मिस्त्रीच म्हणे.

नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"पेट्रोल गाड्यांचं इंजिन खोलतो."

डॉक्टर म्हणाले, "बंद इंजिनाला काहीही करा. चालू असलं तर कॉइलपासून हातभर लांब राहायचं. तिथली वीज या मशीनला गोंधळात टाकू शकते. आणि तीन महिन्यांनी, मे महिन्यात, तपासायला या. गोळ्याही तेव्हा बदलू."

ती वीज दादारावांना चांगली ठाऊक होती. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन हजारोंचे होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. त्या विजेने त्यांचा हात कितीदा झटकून टाकला होता. डॉक्टरांनी हातभर सांगितलं, दादारावांनी दहा पावलं धरली.

एप्रिलमध्ये शेड उघडली तेव्हा चंद्रकला, त्यांची बायको, सोबत यायला लागली. ती एरवी संत्र्याच्या बागेत मजुरीला जायची. एकुलती मुलगी दीपाली पांढुर्ण्याला दिलेली. पाना धरायला दुसरं कोणी नव्हतं.

तेवीस तारखेला लोधीखेड्याचे भैय्याजी गाडी घेऊन आले. संत्र्याचे व्यापारी, जुनं गिऱ्हाईक. गाडी झटके देत होती, चढावर दम तोडत होती, समोर पिवळा दिवा लुकलुकत होता. दादाराव लांब खुर्ची टाकून बसले. चंद्रकलेने बोनेट उघडलं.

"चार काळ्या कॉइल दिसून राहिल्या न? एकेकीची वायर काढ. पयलीची काढ."

तिने क्लिप दाबून वायर ओढली. इंजिनाचा आवाज खाली गेला, गाडी थरथरली.

"पडला आवाज."

"म्हंजे थे काम करून राहिली. लाव परत. आता दुसरी."

दुसरीलाही आवाज पडला. तिसरीची वायर निघाली आणि काहीच झालं नाही. इंजिन आधीसारखंच लंगडत राहिलं.

"हेच मेली जी!"

"थांब. खाली प्लगही खराब असू शकते. बंद कर गाडी. तिसरी कॉइल दुसऱ्या जागी टाक, दुसरी तिसऱ्या. खराबी कॉइलच्या संगं सरकली त कॉइलच खराब."

दहा नंबरच्या पान्याने तिने बोल्ट काढले, कॉइलींची अदलाबदल केली, गाडी सुरू केली. आता दुसऱ्या जागेची वायर काढली तरी आवाज तसाच.

"सरकली!" चंद्रकला हसली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दादाराव हसले नाहीत. त्यांनी नागपूरला फोन लावला. दुपारच्या बसने नवी कॉइल आली, ती तिने बसवली. इंजिन एका सुरात चालायला लागलं.

भैय्याजी मात्र जागचे हलले नाहीत. "मिस्त्री, एकदा तुमचा हात लागू द्या. बाईमाणसानं बसवलेली हाय. मले उद्या नागपूरले जा लागते."

"बरोबर बसली हाय, भाऊ. आवाज आयका न," चंद्रकला म्हणाली.

दादाराव उठले. "अवो, बंद त करू द्या इंजिन!" ती ओरडली, तोवर ते बोनेटात वाकले होते. त्यांनी चारही कॉइली दाबून पाहिल्या, नव्या कॉइलवर तळहात ठेवला. मग डोळ्यांपुढे अंधार आला. गुडघे वळले, कपाळ बंपरवर आदळलं.

मिनिटाभरात शुद्ध आली. डोकं चंद्रकलेच्या मांडीवर होतं, कपाळाला चार टाके पडणार होते. भैय्याजींनी इंजिन बंद केलं होतं आणि ते लांब जाऊन उभे होते.

ही गोष्ट गावभर झाली. आपल्या बोनेटावर माणूस मरावा असं कोणाला वाटेल? गाड्या येणं थांबलं. तरी दोघंजण आलेच, आणि चंद्रकला पाना घेऊन उठली.

"मी करतो न. तुमी लांबून सांगा फक्त."

"मिस्त्री खुर्चीवर न बायको बोनेटात! लोकं का म्हणतीन?"

"म्हणू द्या."

"नाई म्हटलं न एक डाव."

तिने पुन्हा विचारलं नाही. जूनमध्ये शेड पंक्चरवाल्याने घेतली. पाने, जॅक, सगळं भंगारवाल्याने तोलून नेलं. चंद्रकला बागेत परत गेली. दादाराव घरी बसले. पंख्याचं बटणसुद्धा ते शेजारच्यांना दाबायला सांगत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवत. मे महिन्यात दवाखान्यात गेलेच नव्हते. "का सांगतीन थे मले मालूम हाय," एवढंच म्हणत.

ऑक्टोबरमध्ये दीपाली आली आणि आईबाबांना बसमध्ये बसवून नागपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी तळहाताएवढी चकती छातीवर ठेवली, समोरच्या पडद्यावर पेसमेकरमधल्या नोंदी बराच वेळ वाचल्या.

"तुम्ही पडलात ती तारीख कोणती?"

"तेवीस एप्रिल," चंद्रकला म्हणाली.

"त्या दिवशी मशीनने एकही ठोका सोडलेला नाही. गडबडीची नोंदही नाही."

दादारावांना कळेना. "मंग मी पडलो कसा?"

"सकाळी काय खाल्लं होतं?"

त्यांना आठवेना. चंद्रकलेला आठवलं. "काई नाई. चहा न बीपीच्या गोळ्या. दोन वाजले होते, ऊन लय होतं."

"मग प्रेशर उतरलं असणार. गोळी कमी करायची, म्हणून तर मे महिन्यात बोलावलं होतं." डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली. "अंतर ठेवून काम करायला तेव्हाही हरकत नव्हती."

परतीच्या बसमध्ये दीपाली पुढे बसली, हे दोघे मागे. काटोल नाका गेला, सावनेर गेलं. सौंसर जवळ आल्यावर चंद्रकलेने हळूच विचारलं, "दुसरी एखादी शेड पाहू का? मी करतो काम. तुमी संगं राहा."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "पाने कुठी हायेत आता," एवढंच म्हणाले.

स्टँड आला. दीपालीने बापाला हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. ते एकटेच पायरी उतरले आणि मागे न पाहता घराकडे चालायला लागले.