माझ्या डोक्यावरचं टेंगूळ

भूतखेत, अंगात येणं, देवऋषी... यातलं मी कधीच काही मानलं नाही. नव्वदीला टेकलो तरी मानत नाही. पण हे एकदा लिहून टाकावं म्हणतो, कारण ज्याच्याशी बोलता आलं असतं तो माझा थोरला भाऊ आता राहिला नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गाव आमचं चाकणजवळ, पण मी पिंपरीला एका नव्या कारखान्यात बॉयलरवर होतो. चिंचवडात भाड्याची खोली, जाणं-येणं सायकलवर. शिफ्ट संपेपर्यंत अंग नुसतं आंबून जायचं. एका रविवारी केस कापता कापता न्हाव्याची कात्री थांबली.

"नामदेवराव, कधी पडला होतात? हाड वर आलंय."

मी हात लावला... उजव्या कानाच्या वर, सुपारीएवढं, दगडासारखं घट्ट टेंगूळ. दुखत नव्हतं. आणि पडलो तर मी मुळीच नव्हतो.

चिंचवडच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. रजा टाकून हेलपाटे घातले, बाकावर बसून पेंगलो. शेवटी एक्स-रे निघाला. तिथले डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून म्हणाले, "कवटी फुटली होती तुमची. जुळताना हाड वर आलंय. आता धोका नाही, पण लपवताय कशाला?"

"साहेब, मला कधी काही लागलंच नाही."

"अहो, एवढा मार बसल्यावर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. हे विसरायची गोष्ट आहे का?"

बायकोही तेच विचारायला लागली. गावी आईला विचारलं, तर म्हणाली, "न्हाई रं बाबा, तू कंदीच पडला न्हाईस." मग मी तो विषयच सोडला. उत्तरं देऊन देऊन वीट आला होता.

त्या दिवाळीला दादा घरी आला. हाच माझा थोरला भाऊ. तो साताऱ्याकडे धरणाच्या कामावर होता; वर्षभर ना पत्र, ना निरोप. पार वाळून गेला होता. आई गोठ्यात गेल्यावर हळूच म्हणाला, "आयला सांगू नगंस. परांचीवरून पडलो व्हतो. डोस्कं फुटलं. डाक्टर म्हनले, वाचलास, पर हे टेंगूळ जल्मभर ऱ्हाईल."

"कुठं लागलं?"

त्याने उजव्या कानाच्या वर बोट ठेवलं. मी चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला, "एक दिस सकाळी उठलो, तर गेल्यालं."

मी त्याचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. त्याची बोटं तिथंच थांबली. त्याने विचारलं, "दुखतं का रं?"

"नाही."

"मला लई दुखायचं."

त्याला पुण्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्याचा फोटो अगदी स्वच्छ आला. नावांची अदलाबदल झाली असेल म्हणून त्यांनी दोघांचेही पुन्हा काढले... तेच. दोन्ही फोटो शेजारी धरून पाहिले आणि पाकिटात घातले. मग म्हणाले, "त्रास नाही ना दोघांना? मग जा घरी." आम्ही आलो.

दादा नंतर पुष्कळ जगला. डोकं दुखतं म्हणून त्याने कधी तक्रार केली नाही. आम्ही दोघं त्यावर फारसं बोललोही नाही.

टेंगूळ अजून आहे. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. नवा डॉक्टर तपासताना हात तिथं गेला की विचारतो, "आजोबा, कधी पडला होतात का?"

मी हो म्हणतो.